कात्रीनं लिहिलेलं प्रकरण

३ मार्च
लांबण गेली. सकाळी भांडी घासत होते, तेव्हा तिच्या लेकीचा फोन आला — ‘मावशी, आई गेली.’ बरं म्हणाले. उरलेली भांडी घासली. मग खाली बसले.

५ मार्च
रडू येत नाही. रागच येतोय.
एकोणतीस वर्षं आम्ही एकमेकींचं लिखाण छापण्याआधी वाचलं. नियम एकच — कौतुक करायचं नाही, पेन्सिलीनं खोडायचं. तिची शेवटची पानं मी हटकून खोडायचे. गोष्ट संपली तरी बाईसाहेबांचं पाल्हाळ चालूच! म्हणून ती लांबण आणि मी कात्री. मग भांडण, आठवडाभर अबोला. आणि पुस्तक आलं की ती पानं जशीच्या तशी! एकदा म्हणून माझं ऐकलं नाही.

१२ मार्च
प्रकाशक येऊन तिच्या नव्या कादंबरीची फाइल देऊन गेले. तिच्या टेबलावर सापडली म्हणे. एकोणीस प्रकरणं. शेवटच्या ओळीत म्हातारी दार उघडते, बस्स. दारात कोण, पत्ता नाही. विसावं प्रकरण मी लिहावं, तिची शैली माझ्याइतकी कोणाला माहीत, असं त्यांचं म्हणणं.
कल्पना ऐकूनच लांबणनं माझा गळा धरला असता.

१३ मार्च
नाही लिहिणार.

१९ मार्च
लिहायला घेतलं. पुस्तक अर्धवट राहिलेलं मला बघवत नाही.

२६ मार्च
झालं. अकरा पानं. तिच्यासारखीच ऐसपैस वाक्यं. खोडायला हात शिवशिवत होता, आवरला. लिहिताना ती शेजारी बसून नाक मुरडतेय असं वाटायचं. आज खोली रिकामी आहे. तिची फार आठवण येते.

२९ मार्च
प्रकाशकांना देण्याआधी लांबणच्या लेकीला वाचायला दिलं. उद्या येते म्हणाली.

३० मार्च
लेक आली. पानं परत देताना चाचरत होती. विसावं प्रकरण आईनं डिसेंबरातच लिहिलं होतं म्हणे. आणि स्वतःच फाडलं. का, विचारल्यावर म्हणाली होती, ‘या खेपेला कात्रीचं ऐकते. तिला सांगू नकोस, शेफारेल.’
लेक गेल्यावर पेन्सिल काढली. अकराही पानं खोडली. मग रडले.