चापून बसणारा शर्ट

डेस्मंड,

ओव्हनमध्ये कोंबडी-बटाटे आहेत, गरम करून खा. मी तुझ्या स्टुडिओत चाललेय, कपडेपटातल्या हेझेलला भेटायला. फोन करू नकोस, उचलणार नाही.

कपाट आवरताना तुझे छातीचे आणि कोपराचे पॅड सापडले. धुळीने माखलेले! आणि मला म्हणे, ‘रोज बांधतो गं, ग्लेनिस!’ मग बरगडीवरचं ते काळंनिळं कशाचं?

त्या गुप्तहेराच्या जुन्या सिनेमांत तू विमानाच्या पंखावर तलवारबाजी केलीस, शार्कच्या तळ्यावरून मोटार उडवलीस. सगळा पोरखेळ! पण कोट ढगळ असायचा, आत पॅड मावायचे आणि तू धडधाकट घरी यायचास. आता म्हणे सगळं खरं दिसायला हवं. म्हणून हीरोला पातळ, चापून बसणारा शर्ट, आणि तसलाच शर्ट घालून त्याच्या जागी जिन्यावरून गडगडणार तू, आत नुसत्या कातडीनिशी!

हेझेलला तुझा शर्ट दोन बोटं सैल करायला सांगणार आहे, म्हणजे आत पॅड मावतील. नाही ऐकलं तर तिथेच बसून मी उसवीन. तुला लाज वाटली तर वाटू दे.

सिनेमा खोटा वाटला तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. मी तुला कोणाकडे परत मागू?

ग्लेनिस