संपर्क : क्वचित

अल् खुवैर, मस्कत
९ फेब्रुवारी २०१४

चि. सौ. सुगंधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आज गॅलरीत केस विंचरताना वसईचं कॉन्व्हेंट आठवलं. सकाळच्या प्रार्थनेआधी मी तुझ्या वेण्या घालायचे, लाल रिबिनी घट्ट बांधायचे, आणि तेवढ्यात घंटा व्हायची. माझ्या रिबिनी कायम सुटलेल्या. सिस्टर मला रांगेतून बाजूला काढून ओरडायच्या आणि तू मागून खुदुखुदु हसायचीस. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, काय सुंदर वेण्या घालायचे मी.

परवाच्या फोनला तू भांडी घासत होतीस, निम्मं बोलणं नळानंच ऐकलं. म्हणून हे पत्र. केयूर पुन्हा अर्ज करतोय एवढं मात्र कळलं. ह्यांना मी समजावलं ते बरोबर आहे ना बघ : अमेरिकेच्या नेव्हीत राखीव अधिकारी, म्हणजे चालू नोकरी सोडायची नाही, महिन्यातला एक शनिवार-रविवार तिकडे द्यायचा. काम बंदुकीचं नाही, माहितीचं. कोण कुठे चाललंय, कोण काय बोलतंय, याचा अर्थ लावायचा. थोड्याशा जागा आणि शेकड्यांनी अर्ज, तीन अधिकारी मुलाखत घेणार, मग एक मंडळ निवडणार. मागच्या खेपेला नाव आलं नाही तेव्हा त्यानं कितीतरी दिवस खोलीचं दार उघडलं नव्हतं म्हणालीस. आता वयाची अट जवळ आलीय, म्हणजे ही शेवटचीच. ह्यांनी एवढंच विचारलं, की गुडघाभर पाण्यात उभा राहून रडणारा आपला केयूर तो हाच का.

‘आपला’ लिहिलं, रागावू नकोस. तू तिकडे नर्सिंगच्या परीक्षा देत होतीस तेव्हा चौथ्या वर्षापासून बाराव्यापर्यंत तो या घरात होता, सवय जात नाही. आणि तो पाण्यात रडायचा थांबला तो मुस्तफामुळे. खालच्या मजल्यावरचा आपला दापोलीचा मुस्तफा, खुदेजाचा नवरा. त्यानंच त्याला खांद्यावर बसवून बरकाच्या किनाऱ्यावर नेलं आणि पोहायला शिकवलं.

आता खरी गंमत. मुस्तफाची कंपनी बंदरात जहाजांना भाजीपाला पुरवते. मी चहाला बोलावून त्याला सगळं विचारून घेतलं. जानेवारीत अमेरिकेच्या नेव्हीची दोन जहाजं आली होती, पुढच्या महिन्यात दुसऱ्या आठवड्यात आणखी एक येतंय, त्याची ऑर्डर आत्ताच आलीय. टोमॅटो आणि अंडी किती, ते मी वेगळ्या कागदावर उतरवून सोबत जोडलंय. त्यावरून आत माणसं किती ते कोणालाही काढता येईल. केयूरला दे. मुलाखतीत म्हणावं, घरबसल्या एवढी माहिती काढली. बाकीच्या मुलांकडे कुठे असणार ही? माझं नाव सांगितलं तरी चालेल, असं मुस्तफा छाती फुगवून म्हणाला.

जुलैत ह्यांचं कंत्राट संपतं. इथलं घर आवरून आम्ही वसईला जाऊ. त्याआधी केयूरनं एकदा येऊन जावं एवढीच इच्छा. त्याची खोली अजून तशीच आहे.

आहे तेवढी माया राहू दे, जास्त मागत नाही.
तुझी,
वसुताई


व्हर्जिनिया
२ मार्च २०१४

ती. वसुताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. जेवताना मी मोठ्यानं वाचत होते. टोमॅटोपर्यंत आले आणि आमचे हे इतके हसले की ठसका लागला. केयूर हसला नाही. त्यानं घास ताटात ठेवला, हात धुऊन आला, पत्र आणि तो कागद मागून घेतला आणि पाकिटासकट प्लास्टिकच्या पिशवीत घातला. मी म्हटलं, अरे, मावशीचं पत्र आहे. तर म्हणाला, तेच तर.

ताई, तू म्हणजे कमाल आहेस. तुझं प्रेम नेहमी असं धावत येतं आणि पायात पाय अडकवतं. ज्या खात्यात निवड व्हावी म्हणून मुलगा रात्रंदिवस अभ्यास करतोय, त्याच खात्याच्या जहाजांची टपालातून जाहिरात? तीही ओमानहून?

तुला कल्पना नाही म्हणून सांगते. या कामासाठी माणसाची फार बारीक चौकशी होते. त्यात विचारतात, की मायेनं, उपकारानं किंवा कशानंही तुम्ही ज्यांच्याशी बांधलेले आहात अशी परदेशी माणसं कोण. माझी अडचण नाही, मी इथली नागरिक. तू परदेशी. तुझं नाव घालणं भाग होतं. केयूरनं विचारलं, संपर्क किती लिहू. मी म्हटलं, क्वचित लिही. खोटं काय आहे त्यात? तूच आठव, त्याचा शेवटचा फोन तुला कधी आला.

वाईट वाटून घेऊ नकोस. तू त्याला आठ वर्षं सांभाळलंस, ते कोणी नाकारत नाही. मी प्रत्येक वाढदिवसाला त्याला तुझी आठवण करून देते. पण मुलाला आई एकच असते, आणि त्याचं भलं कशात आहे ते तिला कळतं. मंडळाचा निकाल लागेपर्यंत त्याला फोन नको, पत्र नको, इथे मला लिहिलंस तर हवापाण्याचं लिही. त्याच्या येण्याचं तर विसरच. घर आवराल तेव्हा तुझी ती पितळी कॉफीची सुरई मला हवी, आधीच सांगून ठेवते.

एकनाथभावोजींना नमस्कार. रागावलीस तरी कळव, अबोला धरू नकोस.
तुझी,
सुगंधा


अल् खुवैर
१३ एप्रिल २०१४

चि. सौ. सुगंधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सांगितलंस म्हणून हवापाणी : ऊन वाढलंय. दुपारी गॅलरीतले कपडे तासाभरात पापडासारखे होतात.

तू म्हणालीस ते आठवून पाहिलं. त्याचा शेवटचा फोन मागच्या दिवाळीला. त्याआधीचा त्याच्या आधीच्या दिवाळीला. मला वाटत होतं तो नेहमी करतो. मी रोज त्याच्याविषयी बोलते, त्यामुळे तसं वाटत असेल. तेव्हा ‘क्वचित’ बरोबर आहे, त्याला सांग, मावशीनं तपासून पाहिलं.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. मागच्या आठवड्यात मुस्तफा नेहमीसारखा गाडी भरून बंदराच्या फाटकाशी गेला, तर त्याचा पास काढून घेतला. कारण सांगितलं नाही. गाडी तशीच उन्हात उभी, पालेभाजी सगळी गेली. त्याला वाटलं, पासची मुदत संपली असेल. कंपनीत गेला तर अर्बाबनं, म्हणजे मालकानं, त्याला केबिनच्या बाहेरच उभं केलं आणि म्हणाला, खलास, उद्यापासून येऊ नकोस. इतकी वर्षं हा माणूस त्याच्या मुलांच्या वाढदिवसाचे केक आणायला धावायचा.

खुदेजा मला विचारत होती, की वसुभाभी, तुम्ही शिकलेल्या, कुणाला इंग्रजीत अर्ज करावा ते सांगा. मी तिला अर्ज लिहून दिला. लिहिताना माझा हात थांबला. म्हणून तुला विचारते, केयूर माझ्या पत्राविषयी कोणाशी काही बोलला का? नसेल तर ही म्हातारीची शंका म्हणून सोडून दे. असेल तर त्याला म्हणावं, एक ओळ लिहून हा माणूस चांगला आहे असं सांग. त्याच्या लेकीचं, मुस्कानचं, बारावीचं वर्ष आहे.

मनात किंतु आणू नकोस, उत्तर मात्र लवकर दे.
तुझी,
वसुताई


व्हर्जिनिया
१८ मे २०१४

ती. मावशीस,
सा. न.

माझं मराठी बाराव्या वर्षी थांबलं, चुका असतील. मम्मी म्हणाली मी लिहिते, पण मला वाटलं मी स्वतः लिहावं. ते जास्त ऑनेस्ट आहे.

आधी चांगली बातमी. माझं सिलेक्शन झालं. खूप लोक होते, माझ्यापेक्षा हुशार. मला अजून खरं वाटत नाही.

आता तू मम्मीला विचारलंस ते. हो, मी रिपोर्ट केलं. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. तसा नियम आहे, आणि नियम नसता तरी केलं असतं, कारण जहाजावर माणसं असतात, आणि ते कुठे कधी येणार हे चहाच्या टेबलावर कोणी सांगू नये. मुस्तफाकाका वाईट नाहीत हे मला माहीत आहे. पण ते तुला सांगतात तर आणखी कोणाला सांगत असतील? त्यांचं नाव मला विचारलं नव्हतं. मीच दिलं. अर्धं सांगणं म्हणजे लपवणं. आणि तू लिहिलं होतंस की नाव सांगितलं तरी चालेल.

मुलाखतीत तीन ऑफिसर होते. त्यातल्या एक बाई होत्या, साधारण तुझ्या वयाच्या. त्यांनी विचारलं, घर आणि कर्तव्य यात कधी निवडावं लागलं का. मी तुझ्या पत्राची गोष्ट सांगितली. नाव नाही सांगितलं, ‘जिनं मला वाढवलं ती बाई’ एवढंच म्हटलं. मग त्या बाईंनी उठून माझा हात हातात घेतला. मला वाटतं, माझं सिलेक्शन तिथेच झालं. म्हणजे एका अर्थानं तुझ्यामुळेच झालं. तुला हे ऐकून बरं वाटेल म्हणून सांगतो.

मुस्तफाकाकांसाठी मी काही लिहू शकत नाही. लिहिलं तर ते मला महाग पडेल. तू पण प्लीज यापुढे मला पत्र पाठवू नकोस, काही असेल तर मम्मीला कळव. हे माझ्या मनातलं नाही, असंच असतं इथे.

तब्येत जप.
तुझा,
केयूर


अल् खुवैर
२२ जून २०१४

चि. सौ. सुगंधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

केयूरला माझे आशीर्वाद सांग, आणि सांग की पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मीच शिकवलं होतं. ह्यांनी पेढे आणले. मी एक खाल्ला.

केयूरचं पत्र वाचल्यावर मी खाली गेले. लपवून ठेवावं असं एकदा मनात आलं, पण मग खुदेजासमोर रोज जिना चढता-उतरता आला नसता. मुस्तफा नमाज पढून नुकताच उठला होता. मी काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, की पोराचं झालं असं ऐकलं, अल्हमदुलिल्ला, आता आपल्याला ओळख दाखवेल की नाही कोण जाणे. मग मी सगळं सांगितलं. तो बराच वेळ टोपीची घडी घालत बसला. त्यानं एकच विचारलं :

“भाभी, माझा नाव त्यांनी इचारला, का त्यानं स्वतःहून दिला?”

मी म्हटलं, त्यांनी विचारलं. दोन-तीनदा विचारलं, तेव्हा नाइलाज झाला त्याचा. मुस्तफानं मान हलवली, म्हणाला, मग काय करणार बिचारा. हे खोटं मी शपथेवर पुन्हा बोलेन, आणि तुम्ही दोघांनी ते कधी दुरुस्त करायचं नाही.

खुदेजा आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली नाही. रात्री मुस्कान माझा डबा देऊन गेली, घासून पुसून स्वच्छ. या जिन्यावर एकमेकींचं भांडं रिकामं परत करायची रीत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतो. डब्यात काही नव्हतं. मी झाकण उघडून पुन्हा पुन्हा बघत राहिले.

ती माणसं येत्या आठवड्यात जातात. कंपनी एनओसी देत नाही, म्हणजे मुस्तफाला दुसरीकडे काम मिळालं तरी दोन वर्षं इथे येता येणार नाही. मुस्कानची शाळा सुटली. दापोलीला गेल्यावर बघू, असं तिचे आईवडील म्हणतात. हे नोकरीतल्या ओळखीच्या लोकांकडे शब्द टाकून आले, रुस्ताकपर्यंत जाऊन आले. कागदावर नाव आलं की कोणी हात लावत नाही.

मी केयूरला दोष देत नाही. खरं बोलावं, अर्धं बोलू नये, चूक दिसली की सांगावी, हे सगळं मी त्याला इथे जेवणाच्या टेबलावर बसवून शिकवलं. माणसाचं काय करायचं ते शिकवायचं राहिलं असेल.

मी अकरा जुलैला निघते. हे नंतर कार्गो पाठवण्यासाठी थांबतील, तेव्हा माझ्या मागे घोटाळा नको म्हणून कुणाला काय द्यायचं ते तुलाही कळवून ठेवते. पितळी सुरई तुझी, ती बाबामियाँच्या दुकानात बांधायला दिली आहे, तिकडे येणारं कोणी भेटलं की धाडीन. फ्रीज आणि मोठा पंखा वॉचमनला. शिवणयंत्र खुदेजाला, ती माझ्या हातून घेणार नाही, म्हणून ह्यांनी ते कार्गोत दापोलीच्या पत्त्यावर घालावं आणि पाठवणाऱ्याच्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव टाकावं. केयूरच्या बायकोसाठी म्हणून मी करून ठेवलेल्या चार बांगड्या मुस्कानच्या शिक्षणाला, त्या मी स्वतः दापोलीला नेऊन देईन, दार उघडलं तर हातात, नाही तर उंबऱ्यावर. केयूरच्या खोलीतलं कपाट, पलंग, पुस्तकं तळमजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाला, त्यांना लहान मुलगा आहे.

केयूरला काही द्यायचं नाही. माझ्याकडून काही आलं, तर कोणाकडून आलं ते त्याला लिहून द्यावं लागेल.

तुझी,
वसुताई