व्याह्यांचा पाळणा आणि माझी प्लीहा

आदरणीय व्याहीबुवांस,

सादर नमस्कार. विहीणबाईंनाही आमचा नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा पूर्ण बरा झाला आणि तुम्ही येत्या रविवारी नात पाहायला येताय, असं सूनबाईकडून कळलं. आनंद झाला (फार नाही, कारण पुढे येईल).

तुम्ही पाठवलेला पाळणा पोचला. एवढंच लिहून थांबणार होतो, पण राहवत नाही. अहो, पाळणा बाळासाठी पाठवलात की हत्तीच्या पिल्लासाठी? टेम्पोवाला म्हणाला, उचलायला दोघं लागतील. मी म्हटलं, नातीचा पाळणा आहे, मी एकटा वर नेतो. जिन्याच्या वळणावर पाय घसरला, मी खाली आणि पाळण्याचा कोपरा माझ्या डाव्या बरगड्यांवर. पाळण्याला ओरखडासुद्धा नाही, हे सुताराला जरूर कळवा. मी उठलो, कपडे झटकले, चहा मागितला आणि तो संपायच्या आत डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने मला तसंच दवाखान्यात नेलं. प्लीहेला चीर गेली होती. (हिलाच पाणथरी म्हणतात. असा काही अवयव मला आहे, हे तो फाटल्यावर कळलं.)

आता उपचार ऐका. काही नाही! सर्जन म्हणतात, चीर लहान आहे, आपोआप भरेल, आपण सोनोग्राफी करून फक्त लक्ष ठेवायचं. म्हणजे मी उपाशीपोटी जायचं, थंडगार जेल फासून घ्यायचं आणि उजव्या कुशीवर पडून राहायचं. (याच पलंगावर सूनबाईला बाळ दिसलं होतं. माझ्या वाट्याला काळा डाग.) सोनोग्राफीवाल्या डॉक्टरीणबाई सांगतात, श्वास घ्या, धरून ठेवा, आणि मग त्या डागात अशा रमतात की सोडायला सांगायचं विसरतात. मागच्या खेपेला मी स्वतःच्या जबाबदारीवर सोडला, तर हललात म्हणून मलाच बोलणी. साठलेलं रक्त कमी होतंय म्हणे, पण चीर अजून पुरती भरलेली नाही. तोवर काही उचलायचं नाही आणि पोटाला धक्का लागू द्यायचा नाही.

आमच्या घरात याचा आता कायदा झालाय. मी काय पोती उचलायला मागतोय? नातीचं वजन ते केवढं! पण आमच्या हिने सर्जनना मुद्दाम फोन करून विचारलं, आणि ते म्हणाले, "बाळं लाथा मारतात. मांडीवरही नको." शेजारीण तिला उचलते. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरनेही उचलली, तेही हात न धुता. आणि मी, सख्खा आजोबा, समोर खुर्चीत हाताची घडी घालून बसलेला. फार वाईट वाटतं हो, व्याहीबुवा. तिने जांभई दिली तरी मी लांबूनच बघायची.

असो. तुमच्या पाळण्याला मी क्षमा केलेली नाही, हे लक्षात असू द्यावं.

आपला,
डाव्या बरगड्या सांभाळून बसलेला व्याही

ता. क. : पाळणा उत्तम आहे. कितीही रडत असली तरी त्यात ठेवली की गप्प होते.

आणखी एक ता. क. : खरं तर पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. माझी पुढची सोनोग्राफी तुमच्या रविवारानंतरच्या गुरुवारी आहे. तुम्ही येणार, आल्या आल्या तिला दोन्ही हातांनी उचलणार, आणि ते मला खुर्चीतून बघवणार नाही. तेवढ्या गुरुवारपर्यंत तुमचा गुडघा जरा दुखू द्या.