म्हाताऱ्या ड्रॅगनसाठी कोण रडलं

शनिवार, १२ जुलै. संध्याकाळ.

"शेवटी म्हातारा ड्रॅगन मरतो का रे?" असं ऋजुताने थिएटरात मला विचारलं आणि त्या क्षणी सगळं बदललं.

कारण सिनेमा ज्या कादंबरीवरून काढलाय, तिच्यातलं त्याच्या मरणाचं पान वाचून ती रडली होती. तिनेच सांगितलं होतं. माझीच प्रत दिली होती तिला. त्या रडण्यावर मी वर्ष काढलं. मी कॉलेज सोडलं होतं, घरात कोणी माझ्याशी बोलेना, तरी वाटायचं, ही एक आपल्यासारखी आहे.

सिनेमा भिकार होताच. गुहेत एकटा मरणारा आंधळा ड्रॅगन, त्याला विनोद करायला लावले होते. अख्खं कोथरूड हसत होतं. पण राग त्याचा होता का?

"म्हणजे तू वाचलंच नाहीस?"

"अरे, सहाशे पानं. तुला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं."

तिच्या पलीकडे तिच्या वर्गातला सौरभ बसला होता. म्हणाला, "आम्हाला परीक्षा असतात, साहेब. आपल्याला काय, वेळच वेळ."

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा. त्याचा दात माझ्या बोटात रुतला, अजून ठणकतंय. तो खाली पडल्यावर तिसरा कशाला मारला?

ऋजुता ओढणीने त्याचं रक्त पुसत होती. रडत होती. या वेळी खरंच.

"झालं समाधान? तुझं पुस्तक उद्या आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे ठेवते. घेऊन जा."

मी बाहेर पडलो. थिएटरचं दार आपोआप बंद होतं. तरी मी दोन्ही हातांनी ओढून लावलं.