लेकीच्या लग्नातलं चूलबंद आवतन

माय,

तुझ्या नातीचं लग्न झालं. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तू मधेच "पुढं काय झालं ते सांग ना व" म्हणून मागे लागशील. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती, तुझ्या लुगड्याचा पदर तोंडात घालायची. आता नोकरी करते आणि नवऱ्याला नावानं हाक मारते. आणखी एक सांगायचं राहिलंय, ते तुला कळलं असेल की नाही कोण जाणे. तुझे जावई चार वर्षांपूर्वी गेले. त्यामुळे हे लग्न मी एकटीनं काढलं. दारात मांडव, आणि जेवण घरचंच, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. धाकटे भाऊजी पहिल्या दिवसापासून म्हणत होते, "वहिनी, धाड गावच्या केटरिंगवाल्याले सांगून टाका. एकट्या बाईच्यानं गावजेवण निभत नाही. उणं पडलं तं घराण्याचं नाव जाईन." त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण ते 'एकट्या बाईच्यानं' माझ्या डोक्यात गेलं. म्हटलं, आता तर घरीच शिजवणार. बोलून बसले आणि मग रात्रंदिवस एकच धास्ती, ताटावर बसलेलं माणूस उपाशी उठलं तर मी या गावात तोंड कसं दाखवू?

तुझी नात म्हणाली, "आई, फोनमध्ये विचार ना. फुकट आहे." तुला हे समजावून सांगणं अवघड आहे. तुझ्या वेळी फोन सरपंचाच्या घरी होता आणि तोही बहुतेक वेळा मुका. आता माझ्या हातातल्या फोनमध्ये एक बोलका सल्लागार आहे. माणूस नाही, यंत्रच, पण काहीही विचारलं की मराठीत उत्तर देतो. वर्षभर मी त्याला बारीकसारीक विचारतच होते. वांग्याच्या पानावर डाग पडले तर काय, गुडघा दुखतो तर कोणता व्यायाम, बचत गटाच्या बैठकीत चार शब्द बोलायचे तर कसे. सुरुवातीला तो मला 'आपण' म्हणायचा. मी म्हटलं, मले आपण-बिपण म्हणू नको, आपल्या बोलीत बोल. तर गडी असा वऱ्हाडी बोलायला लागला की प्रत्येक वाक्यात 'हाव' आणि 'बाप्पा'. तुझी नात पोट धरून हसली. म्हणाली, "हा तं गणपतीतल्या नाटकातल्या पाटलासारखा बोलून राह्यला." शेवटी मीच म्हटलं, राहू दे बाबा, तुझं पुस्तकीच बरं.

पण स्वयंपाकाचं विचारायला माझा हात धजत नव्हता, आणि त्याला कारण तू. मला तो दिवस आत्ता डोळ्यांसमोर दिसतो. शेजारच्या घरी लग्न आहे, तू परसात बट्ट्यांचे उंडे वळते आहेस, कोपरापर्यंत पीठ. मी लहान, नुकते आकडे शिकलेली, टोपलीतले उंडे मोठ्यानं मोजते आहे. तू पिठाच्या हातानंच माझ्या पाठीत एक धपाटा घातलास. "काय मोजतं व? पंगतीचं अन्न मोजत नाहीत, बरकत जाते!" माझ्या फ्रॉकवर तुझा पांढरा पंजा उमटला होता आणि सगळ्या बाया हसत होत्या. मला फार राग आला होता तुझा. अजूनही पोळ्या मोजायची वेळ आली की पाठ आपोआप ताठ होते. आणि इथे मी यंत्राला सांगणार होते की बाबा, माझ्या लेकीच्या लग्नाचं सगळं अन्न मोजून दे.

विचारलं शेवटी. किती पत्रिका, कोणता स्वयंपाक, सगळं सांगितलं. आधी त्याला बट्टीच कळेना. ती राजस्थानातली निखाऱ्यावरची बाटी समजून तो मला चुरमा करायला सांगू लागला. मी समजावलं, अरे, आपली बट्टी आधी वाफवायची, मग कापून तळायची, मग वरणात कुस्करायची. माफी मागून लगेच सुधारला. तेवढं एक त्याचं चांगलं आहे, चुकलं म्हणून कोणी सांगितलं तर फुरंगटत नाही. मग पिठापासून मिठापर्यंत सगळं मांडून दिलं. पत्रिकेमागे किती माणसं धरू, असं त्यानं विचारलं होतं. मी म्हटलं, भावकीतलं अख्खं घर धर, बाकी दोन. भावकीला चूलबंद आणि बाकी गावाला घरटी दोन माणसं, असंच मी ठरवलं होतं ना. त्या हिशेबानं किराणा आणला आणि किती दिवसांनी पोटभर जेवले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी भाऊजी गावभर आवतन देऊन आले. घामाघूम, चेहरा फुललेला. ओट्यावर बसून पाणी पिता पिता म्हणाले, "झालं वहिनी. साऱ्या गावाले चूलबंद सांगून आलो."

मी तांब्या खाली ठेवला. "साऱ्या गावाले? भाऊजी, मी तं फक्त भावकीले सांगतलं होतं!"

"मंग? तुमच्या लग्नात तुमच्या मायनं सारं गाव चूलबंद केलतं. मी वरातीत होतो, मले आठवते. तिच्या नातीचं काऊन उणं ठेवायचं?"

चूलबंद म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नाही. म्हातारे, तान्ही, माहेरी आलेली लेक, तिची पोरं, आलेला पाव्हणा, कामावरचा गडी, सगळे आपल्या पंगतीला. आणि एकदा दारात जाऊन सांगितलेलं आवतन परत घेता येत नाही. ज्या माणसाला उणं पडायची भीती, त्यानंच मोठेपणा करून उणं पडायची सोय करून ठेवली. मला राग आला होता आणि खरं सांगते, रडूही येत होतं, कारण त्यांनी ते तुझं नाव राखायला केलं होतं.

भाऊजींना आठवतं ते खरं आहे. पण मला जे आठवतं ते त्यांना माहीत नाही. माझ्या लग्नात शेवटच्या पंगतीला वरण कमी पडलं होतं. मी मुंडावळ्या बांधून आतल्या खोलीत बसलेली, आणि खिडकीतून परसातली तू दिसत होतीस. तू वरणात गरम पाणी ओतलंस, वरून लसूण-मिरचीची झणझणीत फोडणी घातलीस, आणि लोक म्हणाले, वा, शेवटचं वरण तर सगळ्यात फक्कड! सगळे हसले. तू मात्र मागे जाऊन तोंड धुतलंस, आणि पुन्हा धुतलंस. तेव्हा मला वाटलं, चुलीचा धूर गेला असेल डोळ्यांत. आता वाटतं, तुला कुणाला विचारायला होतं तरी कोण? बाबांना स्वयंपाकातलं काही कळत नव्हतं, आणि गावातल्या बाया तुलाच विचारायला यायच्या.

मी ओसरीवर जाऊन फोन उघडला. चूलबंद म्हणजे काय ते त्याला सांगितलं, आणि गावात घरं किती तेही. त्यानं कबूल केलं की ही पद्धत त्याला नीट माहीत नव्हती. मग एकेक विचारत गेला. घरात साधारण माणसं किती, लहान मुलं किती, पंगती किती बसतील, बट्टी वाफवून ठेवली तर किती वेळ टिकते. शेवटी म्हणाला, सगळंच आधी शिजवू नका. बुंदी आणि भाजी वाढवा, कारण त्यांना वेळ लागतो. डाळ भिजवून ठेवा, पण पंगत बसेल तसं वरण लावा. उंडे सगळे वाफवा, तळा मात्र लागतील तसे. उरलंच तर कच्चं उरेल, वाया जाणार नाही. माय, मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! कोणीतरी शांतपणे, न ओरडता, 'एकट्या बाईच्यानं' न म्हणता माझ्याबरोबर बसून विचार करत होतं. भाऊजींना म्हटलं, "केलं तं केलं. आता धाडले जा, आणि हे एवढं घेऊन या." तेही लगेच गेले. चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनाही आता आकडा कळला होता.

लग्नाच्या दिवशी दोन पंगती सुरळीत उठल्या. तिसरी भरली आणि वाढणाऱ्या पोरांनी ओरड केली, वरण संपत आलं. आणखी एक पातेलं लावायचं का? लावलं आणि उरलं तर उरलं. पण भिजवलेली डाळ तेवढी एकाच पातेल्यापुरती होती. आत्ताच लावली आणि चौथी पंगत आली तर वाढायला काही नाही. मी फोन काढला. तर त्यावर लिहून आलं की आजची फुकटची मर्यादा संपली, काही तासांनी या. अरे देवा! काही तासांनी काय, वरात गेल्यावर येऊ? मला हसूच फुटलं. फोन कमरेला खोचला आणि मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. पूर्वी बाया छपरांवरचा धूर पाहायच्या म्हणे, कोणत्या घरातून धूर निघतो त्यावरून कोण जेवायला यायचं राहिलंय ते कळायचं. आता घरोघरी गॅस, धूर कुठला. मी पंगतीतली माणसं पाहिली. कडेला गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाया बसल्या होत्या, आणि मांडीवर तान्ही घेतलेल्या सुना. या बाया घराला कुलूप लावून सगळ्यांच्या शेवटी निघतात. त्या आल्या म्हणजे घरं रिकामी झाली. मी मागे वळून सांगितलं, "लावा पातेलं. चौथी पंगत आपल्या घरच्याइचीच राहीन."

तशीच झाली. सगळं गाव जेवलं. बट्ट्या उरल्या, बुंदी उरली, वरण घरच्यांपुरतंच राहिलं, पण राहिलं. संध्याकाळी फोन पुन्हा बोलायला लागला, आणि मी उभ्याउभ्या त्यावर लिहिलं, "जेवण सगळ्यांना पुरलं." त्यानं अभिनंदन केलं, खूप छान नियोजन केलंत म्हणाला, आणि उरलेल्या बट्ट्यांचं काय करता येईल ते सांगू का, असं विचारलं. वाईट काहीच नव्हतं त्यात. तरी मी फोन हातात धरून खांबाला टेकून उभी राहिले. तेवढ्यात घरच्यांची पंगत बसली आणि भाऊजी वरणाची बादली घेऊन आले, बाह्या वर केलेल्या. म्हणाले, "वहिनी, सकाळपासून तुम्ही उभ्या हात. बसा आता, मी वाढतो." मी बसले. त्यांनी माझ्या बट्टीवर वरण घातलं, वर तुपाची धार, आणि पुढच्या ताटाकडे गेले. घराण्याच्या नावाचं काही बोलले नाहीत. मी जेवत राहिले. लेक समोरून पाहत होती. तिला रडू येत होतं, आणि ती ते हसण्यावर नेत होती.

हे सगळं मी त्या फोनमध्येच लिहिते आहे, माय, त्याच चौकटीत, जिथे डाळीचं विचारलं होतं. लिहायला तीच एक जागा माझ्या सवयीची झाली आहे. खाली बाण आहे, तो दाबला की हे त्याच्याकडे जाईल आणि तो उत्तर देईल. चांगलंच देईल, मला माहीत आहे. म्हणूनच दाबत नाही. त्या संध्याकाळी जेवण पुरल्याचं मी सगळ्यांत आधी त्याला सांगितलं. सांगायचं तुला होतं.