वॉर्ड सहा एकतर्फी

२ जानेवारी, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. टीव्हीवरच्या माणसाच्या नोंदी हव्यात. काल सांगलीच्या 'डरकाळी न्यूज'वर निवडणूक विश्लेषक म्हणून पहिल्यांदा बसलो. नेहमीचे विश्लेषक दाढ काढायला गेले होते. पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय. निवडणूक म्हणजे तरी काय, माणसांचा भूगोलच. घरी आल्यावर बायको, लीला, म्हणाली की शर्टाचं मधलं बटण उघडं होतं. विश्लेषणाबद्दल काहीच बोलली नाही. भारावली असावी.
संकल्प: रोज पाच पेपर वाचायचे. 'माझ्या मते' म्हणायचं नाही, 'आकडे सांगतात' म्हणायचं.

५ जानेवारी, सोमवार
पेपर एक. तोही कालचा.
आमच्या नगरपंचायतीचं मतदान अठराला. समोरच्या पिठाच्या गिरणीचा आकाराम वॉर्ड सहातून अपक्ष उभा आहे. विरुद्ध तात्याबा, तीन वेळचे नगरसेवक. वॉर्डातल्या बायका चार वर्षं टँकरमागे धावतायत, म्हणून आकारामने फॉर्म भरला. आता घाबरलाय. म्हणाला, "सर, फॉर्म ठिवू का काढू? पडलो तर तात्याबा गिरणीम्होरनं गटार खणत्यात बघा." म्हणालो, घाई नको. आधी सर्व्हे.

९ जानेवारी, शुक्रवार
सर्व्हे पूर्ण. सतरा माणसांचा नमुना. जागा म्हणून गिरणी सोयीची पडली. लोक दळण घेऊन आपणहून येतात. आकाराम स्वतः दळत असल्यामुळे आकडे जागेवर तपासून घेता आले. सोळाजणांनी त्याचंच नाव घेतलं. सतरावा वॉर्ड तीनचा निघाला.
लीला म्हणाली, त्याच्या गिरणीत उभं राहून तात्याबाचं नाव कोण घेणार? तिला सॅम्पलिंग कळत नाही.
आकारामने फॉर्म ठेवला. माझ्या पाया पडला. मी अडवलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार
विश्लेषकांची दाढ अजून दुखतेय, त्यामुळे शनिवारी पुन्हा मीच. लाइव्ह जाहीर केलं: वॉर्ड सहा एकतर्फी, आकाराम चौऱ्याण्णव टक्के. अँकर साक्षीने दोनदा विचारलं, सर नक्की? मी दोनदा हो म्हणालो.
ते पाहून तात्याबा घरोघरी फिरायला लागलेत. काल दोनदा आले. शेजारच्या म्हातारीच्या गुडघ्याला मलमसुद्धा लावून दिलं म्हणे. पराभूत मनोवृत्तीची ही सगळी लक्षणं.
आकारामचे कार्यकर्ते मात्र निवांत, पारावर पत्ते खेळतायत. आत्मविश्वास असावा तर असा.

१६ जानेवारी, शुक्रवार
लोक आता सल्ल्याला येतात. मुजीब टेलरच्या घरात पाच मतं, सगळी आकारामची. रविवारी मिरजेला लग्न. म्हणाला, "सर, मत टाकून जावं म्हणतोय, पर उशीर हुतोय." म्हणालो, निर्धास्त जा.
कोईमतूरहून आमच्याच वॉर्डातल्या जयराजचा फोन. तिथं त्याचा सोनं गाळायचा धंदा. तो आणि दोन भाऊ खास आकारामला मत द्यायला येणार होते. सांगितलं, एकतर्फी निवडणुकीला एवढा प्रवास कशाला? म्हणाला, "तुमी म्हणताय म्हंजे झालंच." आठ माणसांचा त्रास वाचवला. लोकशिक्षण यालाच म्हणतात.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ६.५०
चॅनलची गाडी सातला. मतदान साडेसातला सुरू. लीला म्हणतेय, अर्धा तास थांबा, मत टाकून जा. तिला कसं सांगू, जिल्हा थांबलाय.

संध्याकाळी ७.३०
नऊ तास स्टुडिओत. पाच वाजता कळकळीचं आवाहन केलं: मत न देणारा माणूस लोकशाहीचा गुन्हेगार. साक्षीने सगळ्यांना शाईची बोटं कॅमेऱ्याला दाखवायला लावली. मी त्याच वेळी चष्मा पुसायला घेतला.
घरी लीलाने माझं बोट पाहिलं. म्हणालो, शाई फिकी होती. ती भाजी चिरत राहिली.

१९ जानेवारी, सोमवार
तात्याबा ३१२. आकाराम ३११.
लाइव्ह खुलासा केला: कोणत्याही अंदाजात तीन टक्के इकडेतिकडे होतंच. एक मत म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या मी बरोबर आहे. तेवढ्यात जाहिराती लागल्या. एकाने येऊन कॉलरचा माइक काढून नेला. जाहिराती संपल्या तरी परत आणला नाही. एसटीने आलो.
लीलाने बोटं मोजली. मुजीबची पाच, जयराजची तीन, माझं एक. "नऊ," एवढंच म्हणाली आणि ताट वाढलं.

२० जानेवारी, मंगळवार
आकाराम आला. भांडेल वाटलं होतं. म्हणून आधीच चहा टाकायला सांगितला. अर्धा कप चहा प्यायला. मग म्हणाला, "सर, तुमचं मत कुनाला पडलं?"
म्हणालो, मी स्टुडिओत होतो.
त्याने कप खाली ठेवला. "म्हंजे तुमचा अंदाज तुमालाच लय पटला हुता." जाताना दारात थांबला. "माझं जाऊ द्या. बायकांचं पानी ऱ्हायलं, सर."
शास्त्रीय उत्तर होतं माझ्याकडे. ते तसंच ठेवून त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो.

२४ जानेवारी, शनिवार
गिरणीसमोर जेसीबी. गटार खणलं. वर एक फळी टाकलीय. डोक्यावर डबा घेऊन फळीवरून जाताना बायका माझ्या खिडकीकडे बघतात. आज आमचं दळण मी नेलं. आकारामने हात धरून पलीकडे घेतलं.

२७ जानेवारी, मंगळवार
साक्षीचा फोन. पहिल्याच रिंगला उचलला. 'एका मतानं' असा नवा कार्यक्रम करतायत. म्हणालो, तारीख सांगा, मी मोकळा आहे. तिला आकारामचा नंबर हवा होता.

२९ जानेवारी, गुरुवार
आकारामला स्टुडिओ ठाऊक नाही, म्हणून स्कूटरवरून घेऊन गेलो. वॉचमनने मला ओळखलं नाही. आकारामने सांगितलं, "आमचं सर हायत." वहीत त्याचं नाव 'पाहुणे' खाली, माझं 'सोबत' खाली. तो आत, मी बाहेर बाकावर. काचेतून दिसलं, टँकरविषयी बोलताना तो हात लांबवून रांग दाखवत होता. साक्षीने एकदाही मध्ये तोडलं नाही.
बाहेर आला तेव्हा चेहऱ्याला पावडर तशीच. प्रेक्षकांचे फोन आले म्हणे, पाण्याबद्दल पुन्हा बोलवलंय. विचारलं, "सर, म्होरल्या गुरवारी तुमी मोकळं हाय न्हवं?"
घरी येऊन रोजनिशी उघडून पाहिलं. गुरुवारी काही नाही. शुक्रवारीही नाही.
लिहून ठेवलं: गुरुवार, सकाळी नऊ. स्कूटरची हवा बघणे.