जांभळ्या वेणीची तूवा

प्रिय बाबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच कुठेतरी टाकून द्याल, ही धास्ती आहेच. टाकू नका. बेटावरचं टपाल तुम्ही हाकता त्याच फेरीबोटीनं येतं, म्हणजे शुक्रवारी हे तुमच्या हातात असेल, आणि मला तुमच्याकडून जे हवंय ते रविवारच्या आत हवंय. रविवार उलटला तर तुमचं-माझं जे काही उरलंय तेही संपेल, असं मला अगदी पक्कं वाटतंय. फोन केला असता, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो, तिसऱ्याला तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणता. म्हणून हा कागद. इथं मला कोणी मध्येच तोडू शकत नाही.

आई गेल्याला तीन वर्षं झाली, आणि नाताळचं कार्ड सोडलं तर आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. दफनानंतर कॉफीला अख्खं बेट जमलेलं असताना मी तुमच्यावर ओरडले होते, की तुम्हाला बायकोपेक्षा बोटीचं वेळापत्रक मोठं. ती पलीकडच्या हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होती आणि तुम्ही त्या वादळात बोटीवर गाड्या चढवत-उतरवत बसला होतात. तुम्ही एवढंच म्हणालात, 'धक्क्यावर माणसं होती,' आणि आत जाऊन कप विसळायला लागलात. ते सगळे कप उचलून आपटावेत असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्रोन्हैमला निघून आले, ती आलेच.

इथलं म्हणाल तर बरं चाललंय. चष्म्याच्या दुकानातली नोकरी टिकून आहे. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवते आणि संध्याकाळी घरी येऊन कॉम्प्युटरवर तोच तो ऑनलाइन खेळ खेळते. हो, अजूनही. 'बाहुल्यांना कपडे घालायचं वय गेलं तुझं' असं तुम्ही म्हणायचात, तोच. पण त्या बाहुलीनं मला किती सांभाळलं ते तुम्हाला कसं कळणार? खेळातलं माझं पात्र, स्कार्व, तुम्हाला आठवत असेल, आईनं दाखवला होता. धिप्पाड, टकला, काळ्या दाढीचा खलाशी. पडद्यावरची एकेक पट्टी सरकवून मी त्याचे खांदे, भुवया, नाकाचं हाड घडवलं होतं. आई गेल्यावर मला, म्हणजे सिल्येला, दुकानातसुद्धा रडू फुटायचं, पण स्कार्वच्या अंगात शिरलं की नाही. स्कार्वची आई मेलेली नव्हती ना. त्या दिवसांत मला त्याच्या दाढीमागं लपायला मिळालं, म्हणून मी धड राहिले.

एकदा मी त्याच पट्ट्या सरकवून आईसुद्धा करायला गेले होते. हनुवटी जमली, पांढऱ्या होत चाललेल्या केसांचा रंगसुद्धा मिळाला. मला केवढा आनंद झाला! मग मी तिला चालवलं. अहो, त्या खेळात सगळ्या बायका एकाच चालीनं चालतात, छाती काढून, कंबर हलवत. आईचा चेहरा लावून कुणीतरी परकीच बाई माझ्या दिशेनं चालत आली. मी इतकी घाबरले की तिथल्या तिथं ते पात्र पुसून टाकलं, आणि त्या खेळात पुसलेलं पात्र परत येत नाही. मला वाटलं, मीच तिला दुसऱ्यांदा घालवली.

तर, तूवाबद्दल सांगायचंय. गेल्या वर्षी खेळातल्या आमच्या टोळीत तूवा नावाची मुलगी आली. जांभळी वेणी, गालावर टिकल्या, पापण्या इतक्या लांब की वाऱ्यावर फडफडतील. आमचा युआर म्हणजे टोळीतला चक्रम, त्यानं पहिल्याच दिवशी तिला छेडलं, 'काय गं, दुकानातलं सगळंच अंगावर चढवलंस की काही शिल्लक ठेवलंस?' वय चोवीस, राहणार ओस्लो, असं तिनं लिहिलं. माईक बिघडलाय म्हणाली, आणि वर्षभर तो काही दुरुस्त झाला नाही. आम्ही सगळे बोलायचो, ती टाईप करायची, तेही सावकाश, प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देऊन. लढाईत अगदीच ढ. पण होडी अशी हाकायची की बघत राहावं. धक्क्याला लागली की आधी उतरून दोर बांधायची. त्या खेळात होड्या वाहून जात नाहीत, दोर नुसता शोभेला आहे! युआर ओरडायचा, 'अगं बाई, होडी काय पळून जाणारे का?' तरी ती बांधायचीच.

मला ती फार आवडायला लागली. बाकीचे गेले तरी आम्ही दोघी धक्क्यावर बसून गप्पा मारायचो. एकदा तिनं विचारलं, 'तुला वडील आहेत का.' प्रश्नालाही पूर्णविराम. आणि मी, बाबा, सगळं ओकले. दफनाचं, कपांचं, सगळं. शेवटी लिहिलं की आईच्या जागी तो गेला असता तर बरं झालं असतं. मग तिनं लिहिलं, 'हं. जेवलीस का.' मी म्हटलं नाही. तर म्हणाली, आधी काहीतरी खाऊन घे, मग रड. मी उठून ब्रेडवर तपकिरी चीज घालून खाल्लं आणि खरंच मन भरून रडले.

मग गेल्या महिन्यात खेळात वादळाची मोहीम झाली. बेट बुडत चाललेलं, मागून राक्षस येतायत, आणि आम्ही होडीत. युआरचं इंटरनेट नेमकं तेव्हाच गेलं. त्याचं पात्र धक्क्यावर दगडासारखं उभं. सगळे किंचाळायला लागले, 'सोड त्याला! तूवा, काढ होडी, मरशील! महिनाभराची कमाई बुडेल!' मीही ओरडत होते, सगळ्यात मोठ्यानं मीच. तूवानं होडी काढली नाही. लाट आली, राक्षस आले, आणि पडद्यावर एक एक अक्षर सावकाश उमटत होतं. 'धक्क्यावर माणूस आहे. माणूस सोडून बोट निघत नाही.'

आम्ही सगळे बुडालो. बाकीचे तूवाला शिव्या घालत होते आणि मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते. आईच्या दफनादिवशी तुम्ही हेच म्हणाला होतात.

पहिला आला तो संताप. काय हिंमत तुमची! माझ्या एकुलत्या एका लपायच्या जागेत, जांभळी वेणी घालून, पापण्या चिकटवून, चोरून शिरलात! दोन आठवडे मी खेळ उघडला नाही. मग राग उतरला आणि मला ते वाक्य आठवलं, तो गेला असता तर बरं. ते मी तुमच्या तोंडावर म्हटलं होतं. तुम्ही ते आपल्या स्वयंपाकघरात एकटे बसून वाचलंत, आणि मला विचारलंत जेवलीस का. मग आईच्या त्या दिवसाकडे पहिल्यांदाच तुमच्या बाजूनं बघितलं. ते वादळ, ती शेवटची फेरी, पलीकडच्या धक्क्यावर अडकलेली शाळेची पोरं. तुम्हाला आईकडे जायचं नव्हतं असं मी तीन वर्षं धरून चालले होते. तुम्ही ते सुकाणू हातात धरून काय भोगलं असेल, हे एकदाही विचारलं नाही.

मी खेळात परत आले आणि ओळख दिली नाही. तुम्हाला कळलं का हो? मुद्दाम म्हटलं मला कॉड तळता येत नाही, तर ओस्लोतल्या चोवीस वर्षांच्या पोरीनं मासा कसा पुसायचा, लोणी किती वेळ तापू द्यायचं, सगळं साग्रसंगीत लिहून पाठवलं. मी हसून हसून बेजार झाले.

आणि आता तुम्ही हे काय काढलंय? ईस्टरला सगळ्या टोळ्या हॉकीच्या हॉलमध्ये जमतात, आपापले कॉम्प्युटर आणि गाद्या घेऊन. युआरनं तूवाच्या नावाचा स्वेटर विणून घेतलाय, ये ये म्हणून तिच्या मागं लागलाय. तर परवा तूवानं लिहिलं, 'मी येऊ शकणार नाही. माझं खेळणं पुरे झालं. रविवारी पात्र पुसणार.' सगळे गयावया करत होते. मी काहीच लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर हातून 'बाबा' असंच उमटलं असतं.

तूवाला पुसू नका, बाबा. एवढंच मागायला हे पत्र लिहिलंय. तिच्याइतकं माझं ऐकून घेणारं दुसरं कोणी नाही, आणि तुमच्या स्वतःच्या तोंडानं तुम्ही मला कधी जेवलीस का विचारलं नव्हतंत. तुम्हाला वेणी घालूनच बोलता येत असेल तर वेणी घाला, मी चारचौघांत तूवाच म्हणेन, कोणाला पत्ता लागू देणार नाही. पण खरं सांगू? काल मी त्या पट्ट्या घेऊन तुम्हाला घडवायला बसले होते. जमत नाही हो. पोटाची पट्टी शेवटपर्यंत ओढली तरी पैलवानच होतो. सुरकुत्या नाहीतच, नुसते तलवारीचे वण. दुखरा गुडघा नाही, वाऱ्यानं लाल झालेले कान नाहीत. त्या खेळात त्रेसष्ट वर्षांचा माणूसच होत नाही. मला तो बघायचाय. रविवारची तुमची सुट्टी असते, सकाळी बोटीनं पलीकडे येऊन गाडी धरलीत तर संध्याकाळी त्रोन्हैमला पोचाल. मी स्टेशनवर येऊन उभी राहते. मी तुम्हाला जे लिहिलं होतं ते परत घ्यायचंय, आणि ते मला स्कार्वच्या तोंडून घ्यायचं नाही.

तुमचीच,
सिल्ये